बाईंना विचारा : शेवटच्या दिवसांची भीती

आगमनकाळ तोंडावर आला की दरवर्षी माझ्याकडे याच विषयाची पत्रं येतात. नाताळाआधीच्या चार रविवारांपैकी पहिल्या रविवारी बऱ्याच चर्चमध्ये गव्हाणीतल्या बाळाचं नाही, पुन्हा येणाऱ्या राजाचं, म्हणजे येशूच्या परत येण्याचं वाचन असतं. ते ऐकून माणसं घरी जाताना गप्प होतात. यंदाची पत्रं मात्र वेगळी आहेत. त्यांत विचार कमी आणि घाबरणं जास्त. म्हणून या महिन्यात लग्नं, वारसाहक्क, सुनांच्या तक्रारी सगळं बाजूला ठेवलंय. ज्यांची पत्रं राहिली त्यांनी राग मानू नये.

प्रश्न : बाई, सलाम. माझे मिस्टर रबाळेच्या एका कंपनीत सुपरवायझर आहेत. दहा महिन्यांपासून ते एका प्रार्थना गटात जातात. तिथले प्रचारक व्हॉट्सॲपवर हिशेब पाठवतात. १९४८ साली इस्राएल देश झाला, त्यात एक पिढी मिळवायची, वर सणांची गणितं, आणि वर्षाच्या आत प्रभू येणार म्हणतात. मिस्टरांनी विम्याचा हप्ता थांबवला. मुलगी बारावीला आहे, तिच्या क्लासची फी भरली नाही. म्हणतात, परीक्षा होणारच नाही. आता पीएफ काढून गटाला द्यायचं चाललंय. मी बोलले तर "तुझा विश्वास कमी" असं ऐकावं लागतं. खरंच माझा विश्वास कमी आहे का? — एक बहीण, ऐरोली

उत्तर : तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचा विश्वास कमी नाही. तुम्ही मुलीची फी आधी भरा. माहेरून उसने घ्यावे लागले तरी घ्या, पण लपवून भरू नका, मिस्टरांना सांगून भरा. घरच्यांची तरतूद जो करत नाही त्याने विश्वास नाकारला आहे, असं प्रेषित पौलानं तीमथ्याला अगदी कडक शब्दांत लिहिलंय. पहिलं पत्र, पाचवा अध्याय, आठवं वचन. ते त्यांच्यासमोर उघडून ठेवा, वाद घालू नका.

पीएफचा अर्ज अजून गेला नसेल तर तीन महिने थांबा म्हणून विनवा. आणि एक प्रश्न त्यांनी त्या प्रचारकांना स्वतः विचारावा: जग या वर्षात संपणार असेल तर एका कामगाराची वीस वर्षांची पुंजी तुम्हाला कशासाठी हवी आहे? उत्तर काय येतं ते त्यांनाच ऐकू दे.

आता तारखेबद्दल. जैतुनाच्या डोंगरावर शिष्यांनी येशूला हेच विचारलं होतं, हे केव्हा होणार? मत्तयाच्या शुभवर्तमानात, चोविसाव्या अध्यायात त्याचं उत्तर आहे. तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही, स्वर्गातल्या दूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. पुनरुत्थानानंतर त्यांनी पुन्हा विचारलं तेव्हाही, काळ आणि समय जाणणं तुमच्याकडे नाही, असंच त्यानं सांगितलं. प्रभूनं जे आपल्याला ठाऊक नाही म्हटलं ते ऐरोलीतल्या मोबाइलवर कसं उतरेल?

१९४८ चा हिशेबही नवा नाही. त्यात एका पिढीची चाळीस वर्षं मिळवून १९८८ ची तारीख सांगितली गेली होती. ते वर्ष गेलं, मग पिढी सत्तरची झाली, ऐंशीची झाली. त्याच्याही आधी अमेरिकेत विल्यम मिलर नावाच्या शेतकऱ्यानं दानीएलाच्या पुस्तकातल्या २३०० दिवसांवरून हिशेब मांडला होता. त्याच्या माणसांनी शेवटी २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस धरला. काहींनी उभं पीक शेतात सोडलं. २३ तारखेला सूर्य उगवला तेव्हा ती माणसं रडली, आणि त्या रडण्याची थट्टा करावी असं मला कधीच वाटलेलं नाही. हॅरॉल्ड कॅम्पिंग या रेडिओवरच्या प्रचारकानं २१ मे २०११ सांगितला, मग २१ ऑक्टोबर सांगितला. पुढच्या वर्षी त्यानं आपण तारीख ठरवली हे पाप होतं असं जाहीर कबूल केलं. तेवढं करायलाही धैर्य लागतं.

थेस्सलनीका शहरातल्या मंडळीत, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजात, तर पौल जिवंत असतानाच हे घडलं. प्रभूचा दिवस येऊन ठेपलाय अशी आवई उठली होती. पौल लिहितो, आमच्याकडून आलंय असं भासवणारं पत्र जरी मिळालं तरी इतक्या लवकर घाबरून जाऊ नका. म्हणजे खोटे निरोप फिरवणं तेव्हाही होतं. काहींनी कामधंदा सोडला होता. त्यांना त्यानं सांगितलं, गुपचूप काम करा आणि स्वतःची भाकर खा.

हे सगळं मी पुस्तकातून शिकले त्याआधी घरात शिकले. १९६२ च्या फेब्रुवारीत अष्टग्रही आली तेव्हा मी दहा वर्षांची होते. आठ ग्रह एका राशीत येणार, ३ ते ५ फेब्रुवारीला प्रलय होणार, अशी देशभर भीती होती. ठिकठिकाणी यज्ञ चालले होते. आमच्या उथळसरच्या चाळीत शेजारी रात्रंदिवस होम पेटलेला असायचा, त्याचा धूर आमच्या खोलीत यायचा. आमच्या ख्रिस्ती घरांत एक फिरता प्रचारक येत असे. त्यानं लूकाच्या एकविसाव्या अध्यायातली सूर्य, चंद्र, ताऱ्यांमधली चिन्हं या ग्रहांना जोडली. वडील कारखान्यात होते. त्यांनी बिनपगारी रजा टाकली आणि आईचं शिवणाचं मशीन विकून पैसे त्याच्या हातात दिले. आई त्या मशीनवर चाळीतल्या बायकांचे ब्लाउज शिवायची. आमचं भाडं त्यातून जायचं.

४ तारीख रविवार होती. संध्याकाळपासून सगळे आमच्या खोलीत गाणी म्हणत बसले होते. आजी आली, प्रार्थनेला बसली, आमेन म्हणाली आणि उठून मोरीत गेली. आधी तिनं कंदिलाची काच राखेनं घासून पुसली, घासलेट भरलं. मग पातेल्यात मटकी भिजत घातली. एका बाईनं विचारलं, "आजी, उद्याची मटकी कशाला?" आजी म्हणाली, "सोमवारी डब्याला उसळ लागते. तो आला तर त्यालाही वाढीन."

सोमवारी मी शाळेत गेले. डब्यात उसळ होती. प्रचारक त्यानंतर आमच्याकडे आला नाही. आईनं दोन वर्षं हातानं टाके घातले, तिच्या अंगठ्याला सुईची भोकं पडलेली मला अजून दिसतात. वडील मरेपर्यंत त्या मशीनबद्दल एक शब्द बोलले नाहीत. कितीतरी वर्षांनी लूकाचा बारावा अध्याय शिकवताना मी सदतिसाव्या वचनापाशी अडले. धनी येईल आणि जागे सापडलेल्या दासांना पंगतीला बसवून स्वतः कंबर बांधून वाढेल, असं तिथे आहे. आजीला वाचता येत नव्हतं. तिनं ते कुठल्यातरी उपदेशात ऐकलं असेल, नाहीतर तिचं तिलाच कळलं असेल.

तुमच्या मिस्टरांना एकटं पाडू नका. त्या गटातून बाहेर पडायची वेळ येईल तेव्हा त्यांना परतायला घर लागेल, आणि त्या घरात टोमणा नको. तुमच्या मंडळीच्या पाळकांना आणि ज्यांचं ते ऐकतात अशा एखाद्या वडीलधाऱ्याला घरी जेवायला बोलवा. त्यांची झोप उडाली असेल, एकटेच बोलत असतील, तर डॉक्टरांकडे न्या. त्यानं विश्वासाचा अपमान होत नाही.

प्रश्न : मी महापेला आयटीमध्ये आहे. आमच्या तरुण संघात चर्चा चालू आहे की आधार, क्यूआर कोड, पुढे येणारी चिप हीच श्वापदाची खूण आहे. यूपीआय वापरणं बंद करावं का? — घणसोली

उत्तर : नको. भाजीवाल्याला क्यूआरनं पैसे देताना तुम्ही कोणाची उपासना करत नाही.

बायबलचं शेवटचं पुस्तक प्रकटीकरण, त्याच्या तेराव्या अध्यायात श्वापदाची खूण आहे: ती हातावर किंवा कपाळावर नसेल त्याला खरेदी-विक्री करता येत नाही. पण ती खूण उपासनेशी बांधलेली आहे, ते वाचताना हे सुटू देऊ नका. योहानानं पात्म बेटावरून हे पुस्तक आशिया प्रांतातल्या सात मंडळ्यांना लिहिलं. त्या शहरांत रोमी बादशहाला देव मानून धूप जाळायची रीत होती. पर्गमात तर औगुस्त बादशहाचं मंदिर ख्रिस्तजन्माच्या आधीपासून उभं होतं. ज्याला धूप जाळायचा नाही त्याचं बाजारात, धंद्यात कठीण व्हायचं. श्वापदाचा ६६६ हा आकडा त्या वाचकांना उलगडावा म्हणून दिला होता. इब्री अक्षरांना आकड्यांची किंमत असते, आणि "नेरोन कैसर" (म्हणजे रोमचा बादशहा नीरो) ही अक्षरं मिळवली तर ६६६ होतात, असं बरेच अभ्यासक मानतात. काही जुन्या हस्तलिखितांत ६१६ आहे, आणि नावातलं शेवटचं "न" काढलं तर बेरीज तेवढीच येते. बारकोड आले तेव्हाही हीच भीती होती. तुमच्या आईवडिलांना विचारा.

आणखी एक. हातावर आणि कपाळावर ही जागा योहानानं उगाच निवडलेली नाही. देवाच्या आज्ञा हाताला बांधा, डोळ्यांच्या मध्ये लावा, असं जुन्या करारातल्या अनुवाद नावाच्या पुस्तकात आधीच सांगितलंय, आणि प्रकटीकरणाच्या पुढच्याच अध्यायात कोकऱ्याच्या, म्हणजे ख्रिस्ताच्या, लोकांच्या कपाळावर पित्याचं नाव आहे. हात म्हणजे आपण करतो ते, कपाळ म्हणजे आपण मानतो ते. तरुण संघात पुढच्या वेळी हा विषय घ्या: साहेबानं खोट्या बिलावर सही करायला सांगितली तर आपला हात कोणाचा? तुमच्यापैकी एखाद्याच्या टेबलावर असं बिल आत्ता पडलेलं असेल.

प्रश्न : मी वसईची, कॅथलिक. लग्नानंतर खारघरला आले, मिस्टरांची मंडळी पेंटेकॉस्टल. मुलगा नऊ वर्षांचा आहे. तिथल्या मुलांच्या वर्गात त्यांना एक चित्रफीत दाखवली, त्यात विश्वासणारे एका क्षणात नाहीसे होतात, कपडे तसेच पडलेले. गेल्या बुधवारी तो शाळेतून आला तेव्हा मी खाली गिरणीत गेले होते, फोन घरी. वर आले तर तो दाराजवळ दप्तर घेऊन उकिडवा बसला होता. म्हणाला, "मम्मी, मला वाटलं तुम्ही सगळे गेलात आणि मी राहिलो." त्याला काय सांगू? आणि आमच्या चर्चमध्ये हे कधी ऐकलं नाही. खरं कोणाचं? — खारघर

उत्तर : आधी मुलगा. त्याला जवळ घेऊन सांगा की येशू मुलांना घरात एकटं टाकून जात नाही. शिष्य मुलांना हटकत होते तेव्हा तो शिष्यांवर रागावला होता, मुलांवर नाही. आणि काही दिवस, गिरणीत जाताना सुद्धा, दाराला चिठ्ठी लावून जा. "गिरणीत आहे, दहा मिनिटांत येते." मुलाची भीती अशा चिठ्ठ्यांनी जाते. मुलांच्या वर्गाच्या शिक्षिकेला भेटा, घडलेलं जसंच्या तसं सांगा. भांडू नका, बहुधा त्यांना माहीतही नसेल.

मी एकतीस वर्षं पालिकेच्या शाळेत शिकवलं आणि त्याहून जास्त वर्षं रविवारी मुलांना बायबल शिकवतेय. लहान मुलाला घाबरवून प्रभूकडे नेता येत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिलंय. घाबरलेलं मूल नुसतं हो म्हणतं.

आता खरं कोणाचं? जे विश्वासणारे जिवंत उरतील ते मेघारूढ होऊन प्रभूला भेटायला वर घेतले जातील, हे पहिल्या थेस्सलनीकाकरांस पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे आणि ते दोन्हीकडे मानलं जातं. मंडळी आधी गुपचूप उचलली जाईल, मग महासंकट येईल, मग प्रभू उघड येईल, अशी पायऱ्यांची मांडणी मात्र १८३० च्या दशकात जॉन नेल्सन डार्बी यांनी पसरवली, आणि १९०९ साली निघालेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांच्या बायबलमधून ती जगभर गेली. ब्रदरन आणि बऱ्याच पेंटेकॉस्टल मंडळ्या ती मानतात. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स आणि बऱ्याच जुन्या प्रोटेस्टंट मंडळ्या मानत नाहीत. प्रकटीकरणातल्या ख्रिस्ताच्या हजार वर्षांच्या राज्याबद्दलही असंच आहे. संत ऑगस्टीनपासून पुष्कळ जण ते आत्ताच चालू असलेलं ख्रिस्ताचं राज्य समजतात, काही ते पुढे यायचंय असं समजतात. मला विचाराल तर मी डार्बींच्या पायऱ्या मानत नाही. पण तुमच्या मिस्टरांच्या मंडळीतली माणसं त्या मानतात म्हणून परकी होत नाहीत. जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करायला तो येणार, हे तुम्ही दोघंही मानताच.

त्या उताऱ्यातला "भेटायला" हा शब्द मला फार आवडतो. मूळ ग्रीकमध्ये हाच शब्द दहा कुमारींच्या दाखल्यात आहे, नवरदेवाला भेटायला बाहेर या, आणि पौल रोमला येत होता तेव्हा तिथले बंधू वाटेवर त्याला भेटायला गेले तिथेही हाच आहे. पाहुण्याला वाटेत गाठून मानानं आत आणायचं. आपल्याकडे सीमांतपूजन असतं ना, वरात वेशीवर आली की मुलीकडचे सामोरे जातात आणि नवरदेवाला गावात घेऊन येतात, तसंच. मुलाला हे सांगा. त्यानं लग्नं पाहिली आहेत. वेशीवर जाताना कोणी घरातल्या लहान मुलाला मागे ठेवत नाही, त्याला कडेवर घेतात. आणि तो उतारा संपतो तो, या वचनांनी एकमेकांचं सांत्वन करा, असं म्हणून. ज्यांची माणसं वारली होती त्यांच्यासाठी पौलानं तो लिहिला होता.

प्रश्न : मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. युद्धं, भूकंप, करोना हे सगळं शेवटाची चिन्हं आहे का? होस्टेलमधल्या मैत्रिणी मला विचारतात, मला सांगता येत नाही. — नेरूळ

उत्तर : मत्तय २४ मध्ये येशू युद्धं, दुष्काळ, भूकंप यांची नावं घेतो आणि लगेच सांगतो, घाबरू नका, एवढ्यात शेवट नाही, या सगळ्या वेदनांचा प्रारंभ आहेत. इथल्या वेदना म्हणजे बाळंतपणाच्या वेणा. तुझी प्रसूती विभागातली ड्युटी लागेल तेव्हा तुला हे माझ्यापेक्षा चांगलं कळेल. पहिलटकरणीच्या वेणा किती तास चालतील ते सिस्टर सांगत नाही. ती नाडी बघते, बाळाचे ठोके ऐकते, पाठ चोळते, आणि बाईला सोडून जात नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात. त्याच सुमारास मध्य प्रांतात दुष्काळ होता. शेवट आला असं तेव्हा किती जणांना वाटलं असेल! पंडिता रमाबाई त्या दुष्काळी भागात गेल्या आणि विधवांना, अनाथ मुलींना गोळा करून घेऊन आल्या. त्यांतून केडगावचं मुक्ती सदन उभं राहिलं, ते आजही आहे. प्रभूच्या येण्यावर त्यांचा पूर्ण विश्वास होता. मैत्रिणींना हे सांग, आणि सांगताना हातात औषधांचा ट्रे असला तर आणखी चांगलं.

प्रश्न : बाई, वय ८१. पत्नी चार वर्षांपूर्वी प्रभूकडे गेली, मुलगी पुण्याला. रात्री तीनला जाग येते ती येतेच. मग खिडकीत बसतो. प्रभूच्या येण्याआधी बहुतेक मीच जाईन, त्याची भीती नाही. पण तयारी झालीय असं वाटत नाही. दर रविवारी तलावपाळीवरून चालत चर्चला जातो, दशांश देतो. नगरकडच्या घराच्या वाटणीवरून धाकट्या भावाशी एकोणीस वर्षं बोललेलो नाही. तीन वाजता तोच आठवतो. — चरई, ठाणे

उत्तर : दादा, तुम्ही प्रश्न विचारलात आणि शेवटच्या दोन ओळींत उत्तरही लिहून पाठवलंत.

मलाही तीनला जाग येते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत बसते, तिथून सोसायटीचं गेट दिसतं. आमचे रात्रपाळीचे वॉचमन लातूरकडचे आहेत. बाराला ते छोटं फाटक लावतात. उशिरा येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत लिहितात. दोनच्या सुमाराला बॅटरी घेऊन मागच्या भिंतीपर्यंत जाऊन येतात. पावणेपाचला पंपाच्या खोलीत शिरतात, कारण पालिकेचं पाणी सुटलं की तासाभरात वरची टाकी भरावी लागते, आणि टाकीचा पाइप वाहायला लागेपर्यंत मान वर करून उभे राहतात. सहाला जिन्यातले दिवे बंद. सेक्रेटरी कधीही अचानक खाली येतात, पण वॉचमन त्यांची वाट बघत ताटकळलेले मी कधी पाहिले नाहीत. एकदा मी विचारलं, "काका, झोप नाही येत?" ते म्हणाले, "कामं लागोपाठ असली की रात्र जाते, बाई."

मार्काच्या तेराव्या अध्यायात येशूनं अगदी हेच चित्र दिलंय. एक माणूस घर सोडून परदेशी जातो, दासांना अधिकार देतो, प्रत्येकाला ज्याचं त्याचं काम नेमून देतो, आणि द्वारपाळाला जागं राहायला सांगतो. धनी संध्याकाळी येईल, मध्यरात्री, कोंबडा आरवताना की पहाटे, ठाऊक नाही. रोमी लोकांच्या पहाऱ्याचे हेच चार प्रहर. तुमची जाग तिसरा प्रहर संपून चौथा लागतो तेव्हाची आहे. त्या प्रहराचं नेमून दिलेलं काम तुम्हाला ठाऊक आहे, म्हणूनच तुमची झोप मोडते.

दहा कुमारींचा दाखला तुम्ही शेकडो वेळा ऐकला असेल. नवरदेवाची वाट बघताना पाच शहाण्यांनी दिव्यासाठी जादा तेल घेतलं होतं, ते त्यांनी बाकीच्या पाचजणींना दिलं नाही, म्हणून माझ्या वर्गातल्या मुली दरवर्षी त्यांच्यावर चिडतात. पण काही गोष्टी उसन्या देताच येत नाहीत. तुमच्या पत्नीनं भावाला माफ केलं असेल, मुलगी काकांशी फोनवर बोलत असेल. ते त्यांच्या दिव्यातलं तेल. तुमच्यात तुम्हालाच घालावं लागेल.

तुम्ही ज्या तलावपाळीवरून जाता त्या ठाण्याची एक जुनी गोष्ट सांगते. १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन संन्यासी चीनकडे निघाले होते. वाऱ्यानं त्यांचं जहाज ठाण्याच्या किनाऱ्याला आणलं. इथे आधीपासून थोडी ख्रिस्ती घरं होती, त्यांतल्या एका घरात ते उतरले, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये इथेच त्यांना विश्वासासाठी मरण आलं. ओदोरिक नावाच्या संन्याशानं पुढे त्यांच्या अस्थी चीनला नेल्या. ठाणं त्यांच्या कुठल्याच बेतात नव्हतं. मरण समोर आलं तेव्हा नवीन काही तयारी करायला त्यांना वेळ मिळाला नाही, होतं त्यावरच ते उभे राहिले. तुम्हाला अजून वेळ आहे, पेन आहे.

फोन नका करू. एकोणीस वर्षांनी आवाज ऐकला की दोघंही जुनंच उकरून काढाल. पत्र लिहा. वाटणीचा शब्द काढू नका, सातबारा नको, कोण काय म्हणालं होतं ते नको. आईच्या हातच्या हुलग्याच्या शेंगोळ्यांपासून सुरुवात करा, नगरकडच्या माणसाला तेवढं पुरतं. तुमच्या पत्नीच्या शेवटच्या दिवसांबद्दल लिहा, तो मातीला आला नव्हता ना? त्याला ते ऐकायचं असेल. मग "माझं चुकलं" असं लिहा आणि तिथे पूर्णविराम द्या. त्यापुढे "पण" आला तर कागद फाडा, दुसरा घ्या. भावाचंही चुकलं असेल, ते त्याच्या दिव्याचं तो बघेल.

मत्तयाच्या पाचव्या अध्यायात, भावाचं तुझ्याविरुद्ध काही असेल तर दान वेदीपाशीच ठेव आणि आधी जाऊन समेट कर, असं आहे. म्हणून या रविवारी दशांशाचं पाकीट आणि हे पत्र एकाच वेळी खिशात घ्या, आणि पत्राची पेटी आधी गाठा. मुलीला सांगू नका वाटलं तर नका सांगू. मला मात्र पत्र टाकल्याचं कळवा. भावाचं उत्तर आलं तर कळवाच, आणि महिनाभरात नाही आलं तरी एक कार्ड टाका. मी तीन वाजता जागीच असते, तुमच्यासाठी आणि त्यांच्यासाठी प्रार्थना करेन.